भिंतीपलीकडचा खोकला

परवा सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनने माझ्यासमोर खोकला गिळला. मला पाहताच त्याने तोंड मिटलं, मान वळवली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचं सोंग केलं. डोळ्यांत मात्र पाणी तरारलं होतं. मी विचारलं, "काय रे, बरं नाही का?" तर म्हणाला, "छे, आजी! एकदम ठणठणीत. धूळ गेली जरा घशात." आषाढातली ओली सकाळ, रस्त्यावर चिखल, आणि ह्याच्या घशात धूळ गेली! मी तशीच वर आले, दूध तापत ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

दरवर्षी आषाढ आला की माझं असंच होतं. हवा कुंद होते, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि रहाटणीच्या ह्या सहा मजली इमारतीत कुठे ना कुठे कोणीतरी खोकायला लागतं. सून म्हणते, "आई, व्हायरल आहे, सगळीकडेच आहे." असेल. पण माझे कान उभे राहतात. गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कान तेवढे शाबूत राहिले आहेत आणि त्यांना नको ते ऐकायची खोड आहे. कोरडा खोकला कुठला, छातीतला कुठला, उतरणीला लागलेला कुठला, हे मला भिंतीपलीकडून कळतं. खोटा खोकलाही कळतो. हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात शिकले, दापोडीला.

तेव्हा आम्ही रेल्वेच्या रुळांजवळच्या एका गल्लीत राहत होतो. एका लांबलचक पडवीच्या पत्रे ठोकून खोल्या केलेल्या. पत्रा छपरापर्यंत पोहोचायचा नाही, वर हातभर जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेतून शेजारच्या घरातली फोडणी, भांडण, प्रार्थना, घोरणं, सगळं आमच्याकडे यायचं आणि आमचं त्यांच्याकडे जायचं. आम्ही माण तालुक्यातले. पाऊस नाही म्हणून गाव सोडलेले. खोलीत मी, माझे यजमान आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. यजमानांचं नाव तेव्हा घ्यायची सोय नव्हती. आता ते नाहीत, लिहायला कोणाची हरकत नाही. महादेव त्यांचं नाव. गल्ली त्यांना महादू म्हणायची.

महादेव कारखान्यात बदली होते. आजच्या मुलांना बदली म्हटलं की एका गावाहून दुसऱ्या गावी जाणं वाटतं. ही बदली वेगळी. कारखान्यात कायम कामगार असायचे, त्यांच्यातला कोणी आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहायचा तो बदली. सकाळी भोंगा होण्याआधी गेटासमोर ही माणसं गोळा व्हायची. मुकादम बाहेर यायचा, बोट दाखवायचा, तू ये, तू ये. ज्यांच्याकडे बोट वळलं नाही ते डबा तसाच घेऊन घरी परतायचे. महादेवांनी डबा घरी येऊन खाल्ला की मला तो घास बघवायचा नाही. भाकरी तीच, पण ते ती खाली मान घालून खायचे.

पत्र्याच्या पलीकडे शंकरभाऊ आणि चंद्रावहिनी. शंकरभाऊ कायम. ओतकामाच्या खात्यात. कायम माणसाला पगारी रजा होती, आजारी पडला तर घरी झोपायची मुभा होती. चंद्रावहिनींचं तोंड फटकळ, पण कायम माणसाची बायको म्हणून गल्लीत त्यांना मान होता. नळावर त्यांची घागर आधी लागायची आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करायचं नाही.

मग फ्लूची साथ आली. बोटीतून मद्रासला उतरली, तिथून रेल्वेने देशभर पसरली, असं पेपरात आल्याचं गल्लीतले वाचणारे सांगायचे. चीनच्या बाजूची, मलायाकडची, सगळ्या जगात चाललेली. मला तेव्हा जग म्हणजे म्हसवडची जत्रा आणि पुण्याचं स्टेशन एवढंच ठाऊक. त्या अवाढव्य जगातून निघालेला ताप आमच्या ह्या पत्र्याच्या खोल्यांचा पत्ता शोधत कसा आला, ह्याचं मला भारी नवल वाटायचं आणि भीतीही. नव्या नवरीने आषाढात माहेरी जायचं असतं. मला न्यायला भाऊ येणार होता, तो साथीमुळे आलाच नाही.

गल्लीत कापराचा वास भरून राहिला. ज्याच्या त्याच्या गळ्यात कापराची पुरचुंडी. पिंपरी कॅम्पात कापूर, लिंबं, मोसंबी, सगळ्याचे भाव चढले. एकदा मी आत्याबाईंबरोबर तिकडे गेले तर एका बंगल्याच्या फाटकाशी मोसंब्यांची करंडी उतरत होती. आत सगळं घर तापाने पडलंय, असं करंडीवाला सांगत होता. खिडक्यांना पडदे, दाराशी डॉक्टरची मोटार. आमच्याकडे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना एकच सांगितलं होतं, "औषध काही नाही. गरम प्यायचं आणि आठवडाभर अंथरूण सोडायचं नाही." बंगल्यातही त्यांनी तेच सांगितलं असणार. डॉक्टर काही दुजाभाव करणारे नव्हते. मोसंब्यांवाचून आमचं अडलं नसतं, पण तो अंथरुणातला आठवडा आम्ही कुठून आणायचा?

आणि तरीही खरं सांगायचं तर साथीचे पहिले दिवस आमच्या घरी सुखाचे गेले. कायम माणसं पटापट आडवी झाली आणि बदल्यांना रोज काम मिळू लागलं. मुकादम आमच्याच वस्तीतला, दापोडीच्या जुन्या शेतकरी घराण्यातला. सकाळी गेटावर निवड करत बसायला त्याला फुरसत उरली नाही, म्हणून तो संध्याकाळीच गल्लीतून फिरायचा आणि उद्या कोणी यायचं ते सांगून जायचा. तापाला तो फार भ्यायचा. तोंडाला पंचा बांधून गल्लीच्या मधोमध चालायचा, कोणाच्या उंबऱ्याशी यायचा नाही. मग शंकरभाऊ पडले, आणि त्यांच्या जागी रोज महादेव जाऊ लागले. आमची चूल दोन्ही वेळा पेटू लागली ती शंकरभाऊंच्या तापावर.

एका संध्याकाळी मुकादम आणखी एक बोलून गेला. "ह्या साथीत जो बदली एकबी खाडा करनार न्हाई, त्याचं नाव मी कायम कराया वर धाडनार." खाडा म्हणजे गैरहजेरी. तो गेला. महादेव उठून आत आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि ते पाणी त्यांना संपवताच येईना.

तेव्हापासून मी पत्र्याला कान लावून जगू लागले. शंकरभाऊ खोकले की मला हायसं वाटायचं, लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची, आणि ते दोन घटका खोकले नाहीत की मी हातातलं काम टाकून पत्र्यापाशी जायची. ते बरे झाले म्हणजे त्यांची जागा गेली, दुसरी मिळेलच असं कुठे होतं? एक दिवस जरी हुकला तरी खाडा. आणि ह्याच शंकरभाऊंसाठी मी रोज सकाळी हुलग्याचं माडगं करून न्यायची. आमच्या गावाकडचं हे तापातलं खाणं. हुलगे भाजून, दळून, गूळ आणि सुंठ घालून शिजवायचे. मनापासून करायची हो! माणूस बरं व्हावं म्हणून ढवळायची आणि इतक्यात बरं होऊ नये म्हणून घाबरायची.

अशीच एकदा माडगं घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. शंकरभाऊ चुलीपाशी उकिडवे बसून लाकडं फोडत होते. चेहऱ्यावर तकाकी, हाताला जोर. मला वाटलं, संपलं. इतक्यात बाहेरून मुकादमाचा आवाज आला. त्या दिवशी तो सकाळीच कशासाठी तरी गल्लीत आला होता. शंकरभाऊंनी कोयता खाली ठेवला, अंथरुणात शिरले, वाकळ ओढली आणि असे काही खोकू लागले की मी घाबरून पुढे झाले. मुकादमाची पावलं लांब गेल्यावर वाकळीतून डोकं बाहेर आलं.

"माडगं ठिव तिथं, पोरी. आन् कुनाला बोलू नगंस."

माडग्याचा तांब्या माझ्या हातातच होता.

"आगं, मीबी लई वर्सं गेटाम्होरं हुबा ऱ्हायलोय. कोन आजारी पडतंय का, वाट बघत. पगारी रजा हाय तवर खोकतो."

चंद्रावहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, "रजा काय ह्यांच्या बापाची हाय? सरंल न्हवं एक दिशी." पण माझ्या हातातला तांब्या त्यांनीच घेतला आणि मोकळा करून, धुऊन परत दिला.

तो दिवस मी हलक्या पावलांनी काढला. आणि त्याच संध्याकाळी महादेव घरी आले ते भिंत धरून. डोळे लाल, अंग फणफणलेलं. डबा खाली ठेवायच्या आधीच ते आडवे झाले.

आता ओतकामाचं काम कसं होतं ते सांगायला हवं. वितळलेल्या लोखंडाची कढई लांब दांड्याला अडकवलेली असायची. दोघांनी दोन टोकं धरायची, सावकाश चालायचं आणि साच्यात ओतायचं. एकाचा हात थरथरला तर कढई कलंडणार आणि दोघांच्या पायांवर लोखंड सांडणार. महादेव वाकळीत कुडकुडत एवढंच म्हणत होते, "दुसरं टोक धरनाऱ्याला काय म्हाईत, माझा हात कापतोय. त्यालाबी बायकापोरं हायेत." मी म्हटलं, "मग जाऊ नगा." तर माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् खाडा?"

मी पाणी तापवायला चुलीपाशी वळले आणि तेवढ्यात आत्याबाईंनी करायचं ते केलं. गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड होतं. तिथून त्यांनी डहाळा तोडून आणला आणि आमच्या दाराच्या चौकटीला खोचला. गावाकडची रीतच ती. देवी असो, गोवर असो, घरात आजार आला की दाराला कडुलिंब लागतो. येणाऱ्याने समजायचं, आत माणूस पडलंय. बाहेरच्याने आत जायचं नाही, आतल्याने बाहेर पडायचं नाही. शहाणी रीत होती ती. गावात तिने कितीतरी घरं वाचवली असतील. पण गावात मुकादम नव्हता. इथे गल्लीतल्या बाकी बायकांनी केव्हाच डहाळे लावायचं सोडलं होतं, कारण डहाळा दिसला की मुकादम ते दार गाळून पुढे जायचा. घराघरात माणसं तापलेली आणि दारं सगळी उघडी बोडकी. हे आत्याबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी डहाळा ओढायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नगंस. देवीला फसवाया निघालीस व्हय?"

"आत्याबाई, ही देवी न्हाई. हा फुलू हाय."

"नाव कायबी आसू दे. अंग तापलंय का न्हाई माझ्या लेकाचं?"

त्यांचा लेक तापला होता, खरंच तापला होता, आणि त्याने घरात झोपावं एवढंच त्या मागत होत्या. गल्लीच्या टोकाला मुकादमाचा आवाज ऐकू यायला लागला. "नाना, उद्या ये. गनपा, तू बी ये." आत्याबाईंचा हात झिडकारायची माझी छाती होईना आणि डहाळा तसाच राहू देण्याचीही होईना.

पत्र्यापलीकडे सगळं ऐकू जातच होतं. चंद्रावहिनी बाहेर आल्या, आत्याबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ आमच्या चौकटीतला डहाळा उपसला.

"म्हातारे, तुझी देवी माझ्या दारात येऊ दे. आमच्याकडं पगारी रजा हाय तिला बसवून जेवू घालाया."

आणि त्यांनी तो स्वतःच्या चौकटीला खोचला, असा की गल्लीच्या मधोमध चालणाऱ्याला लांबूनच दिसावा. एवढ्यात पंचा बांधलेलं तोंड समोर आलं.

"शंकरला अजून बरं न्हाईच का?"

"कुटलं काय, मुकादम! अंग निसतं फनफनलंय," वहिनी म्हणाल्या, आणि आतून शंकरभाऊंनी खोकून दाखवलं.

"मग महादू हाय का?"

महादेव उठून आले. कसे आले देव जाणे. एका हाताने चौकट धरली. दुसऱ्या बाजूने, दाराआडून, मी त्यांच्या पाठीला हात लावून उभी होते. सदऱ्यातून माझा तळवा भाजत होता. "व्हय," ते म्हणाले, "येतो." दात वाजू नयेत म्हणून एवढंच बोलले. मुकादम पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याआधी महादेव गेले. गळ्यात कापूर, पोटात माडगं, डोक्याला फडकं. पत्र्याच्या ह्या बाजूला त्यांचं अंथरूण रिकामं होतं, आणि त्या बाजूला शंकरभाऊ, चांगले धडधाकट, वाकळ ओढून पडून होते. मी मधे बसले होते. बरा माणूस अंथरुणात आणि तापलेला माणूस भट्टीपाशी. सगळ्यांनी भल्यासाठीच केलेलं, कोणाचं काही वाईट चिंतलं नव्हतं, तरी सगळं असं उलटं कसं होऊन बसलं, ते मला तेव्हा उमगत नव्हतं. आज वर्तमानपत्र वाचता येतं, जगाचं थोडंफार कळतं, तरी फारसं उमगतं असं नाही.

तो दिवस मी भोंगा ऐकत काढला. भोंगा नेमल्या वेळी व्हायचा. अवेळी झाला तर समजायचं, कारखान्यात काही विपरीत घडलं. जाणाऱ्या गाडीची शिट्टी वाजली तरी मी उठून दारात यायची. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून माळ ओढत होत्या, माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हत्या. पत्र्यापलीकडे शंकरभाऊ कूस बदलायचे. मधेच ते हळूच म्हणाले, "पोरी, वाजला न्हाई न्हवं?" म्हणजे तेही ऐकतच होते. मी म्हटलं, "न्हाई, भाऊ."

महादेव संध्याकाळी परत आले. घामाने निथळत होते. ताप उतरत होता की चढत होता कळेना. मी पाय धुवायला पाणी दिलं आणि आधी पावलांकडे पाहिलं. ते हसले.

"दुसऱ्या टोकाला होता त्योबी तापल्याला. त्याचाबी हात कापत हुता. दोगंबी कापत हुतो, म्हनून कढई सरळ ऱ्हायली."

गंमत म्हणून सांगितलं त्यांनी. पत्र्यापलीकडे शंकरभाऊ मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. मी पाठ वळवून रडले. त्या दिवशी कारखान्यात किती दांड्यांच्या किती टोकांना तापलेली माणसं होती, कोण जाणे. दोन-तीन दिवस हे असंच चाललं, मग ताप ओसरला. शंकरभाऊंची रजा संपली, ते कामावर गेले. तोवर दुसरा कोणी पडला होता, महादेवांना त्याची जागा मिळाली. खाडा झाला नाही.

मधल्या त्या टाळेबंदीच्या वर्षी मुलगा घरून काम करायचा. आम्ही दारं लावून बसलो होतो. टीव्हीवर सांगायचे, घरात राहा, सुरक्षित राहा. दाराशी भाजी ठेवून जाणाऱ्या मुलाचे डोळे तेवढे मास्कच्या वर दिसायचे. मी सुनेला म्हणायची, "विचार ग त्याला, बरा आहे का." ती म्हणायची, "आई, बरा नसता तर आला असता का?" सून चांगली आहे माझी. तिने तसं धरून चालावं ह्यात नवल नाही. मी मात्र त्या मुलाच्या पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत दाराला कान लावून उभी राहायची.

दापोडीला पुढे महादेव कायम झाले. कळलं त्या दिवशी आत्याबाईंनी गल्लीत गूळ वाटला आणि माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागल्या. पुढच्या आषाढात महादेवांना ताप आला. साधाच, पावसात भिजल्याचा. ह्या खेपेला डहाळा मी तोडून आणला. चौकटीला खोचला. मुकादम आला, डहाळा पाहिला, "पड, महादू, चार दिस," म्हणाला आणि गल्लीच्या टोकाला नव्याने राहायला आलेल्या जोडप्याच्या दाराशी जाऊन त्याने हाक मारली. नवरा बदली होता. त्याच्या बायकोचं नाव तारा. माझ्याहूनही लहान.

दोन दिवसांत महादेवांचा ताप उतरला. तिसऱ्या सकाळी ते आरसा टेकवून दाढीला बसले होते आणि मी भाकऱ्या थापत होते. दारात सावली पडली. तारा होती. हातात झाकलेला तांब्या.

"माडगं आनलंय. भावजी कसं हायेत?"

विचारत मला होती, पण मान एका बाजूला किंचित कलली होती आणि कान माझ्या खांद्यावरून आत गेला होता. ती कललेली मान मी ओळखली. बरे आहेत म्हणू? नाहीत म्हणू?

माझ्या मागे वस्तरा वाटीत पडल्याचा आवाज झाला. मग वाकळ ओढल्याचा. आणि मग महादेव खोकले, चांगले लांबवून, शंकरभाऊंसारखे.

ताराच्या कपाळावरची आठी गेली. "आसू द्या," ती म्हणाली, "निजू द्या त्यास्नी. घाई करू नगा."

मी तांब्या हातात घेतला. अजून गरम होता.